चिखलीचा चुंबक आणि इंद्रभानभाऊंच्या पोटातल्या गाठी

मित्रांनो, तुम्ही शाळेत लोहचुंबकाने टाचण्या उचलल्या असतील. त्या चुंबकाचा मी फार मोठा, फार जड आणि आता फार म्हातारा भाऊबंद आहे. मला एमआरआय म्हणतात. माझ्या मधोमध एक बोगदा आहे. त्यात माणूस आडवा झोपतो, मी भरपूर आवाज करतो, आणि त्याच्या पोटात किंवा मणक्यात काय चाललं आहे त्याची चित्रं शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर उमटतात. त्यासाठी कुणाला कापावं लागत नाही. धीर मात्र लागतो, आणि तो झोपणाऱ्यालाच आणावा लागतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यातला. तिथून मी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आलो. तिथली माणसं हळू बोलायची आणि माझ्या खोलीत चपला काढून यायची. एकदा मी एका मंत्र्याचा गुडघा पाहिला. त्या गुडघ्याचा मला कित्येक वर्षं अभिमान होता. पुढे लक्षात आलं की मंत्र्याचा गुडघाही आतून इतरांसारखाच असतो.

बारा वर्षांनी तिथे माझ्याहून दुप्पट ताकदीचा नवा चुंबक आला, आणि मला विकून टाकलं. ट्रकमधून चार दिवस हादरे खात मी बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीला पोचलो. दारातून मी मावेना, म्हणून भिंत पाडली. बघायला अर्धा बाजार जमला होता. कुणी म्हणालं, जिनिंगचं, कापसातली सरकी काढायचं नवं मशीन आहे. कुणी म्हणालं, बोअर मारायला आलं आहे. एका आजीबाईंनी लांबूनच हात जोडले. तेवढंच मला बरं वाटलं.

ते बीटी कपाशीचे दिवस होते. भिंतीभिंतीवर टपोऱ्या बोंडांच्या जाहिराती रंगवलेल्या होत्या, आणि बियाण्याच्या पिशवीसाठी दुकानापुढे सकाळपासून रांगा लागत. बोंडअळी गेली असं लोक म्हणायचे, मग दुसऱ्याच किडी यायच्या, आणि पुन्हा फवारणी सुरू व्हायची. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पाठी पंप वाहून झिजलेल्या असत. पेपरात कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्या यायच्या. त्या पेपरात गुंडाळून आणलेली भाकरी लोक बाहेरच्या बाकावर खायचे, आणि खाऊन झाल्यावर तो कागद न वाचता घडी घालून ठेवायचे.

माझ्याभोवती तीन माणसं होती. दारावर फकीर मोहम्मद बसायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी चिखलीच्या बाजारात पत्र्याच्या पेट्या आणि बादल्या बनवल्या. मग प्लास्टिक आलं आणि दुकान बसलं. आता लोखंडाचा एक तुकडाही माझ्याजवळ येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. जन्मभर लोखंडावर जगलेला माणूस म्हातारपणी लोखंडाचा वैरी झाला होता, आणि ते वैर ते अगदी मन लावून करायचे. मला चालवायचा निवृत्ती. तो पुण्याला शिकून आला होता आणि पाठ्यपुस्तकासारखं बोलायचा. माझी चित्रं वाचायच्या त्या डॉक्टर मलिहा. त्या मूळच्या धामणगाव बढेच्या. चित्रावर नजर खिळली की त्या पेन्सिल कानावर अडकवत, आणि मग दिवसभर पेन्सिल शोधत.

आता ज्यांच्यासाठी मी ही गोष्ट सांगायला बसलो, ते इंद्रभानभाऊ. उंद्रीचे. अर्ध्या रानात वांगी-मिरची, अर्ध्या रानात कपाशी. वय पंचावन्नच्या आसपास. बोलायची त्यांना फार हौस. बैलाशी बोलत, वांग्याच्या रोपाशी बोलत, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्यालाही उत्तर देत. त्या वर्षी त्यांना रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. भूक गेली, बेंबीच्या आसपास दुखत राहिलं, आणि धोतराचे फेरे वाढत गेले. तीन महिने ओवा आणि हिंग झालं. मग सोनोग्राफी झाली. पोटात आतड्याच्या बाजूला गाठी दिसल्या.

सोनोग्राफीच्या कागदावर इंग्रजीत दोन शक्यता लिहिल्या होत्या. एक कॅन्सरची, एक टीबीची. त्यांचे मेहुणे गुलाबराव हे घरातले इंग्रजी वाचणारे. त्यांनी पहिली शक्यता वाचली. दुसरी नेमकी कागदाच्या घडीवर होती आणि तिथे घामाने शाई पसरली होती. गुलाबरावांनी चष्मा काढला, सगळ्यांकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. कारणही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. म्हैस बीटीच्या सरकीची ढेप, म्हणजे पेंड, खाते, आपण म्हशीचं दूध पितो, मग पोटात बोंडं धरणार नाहीत तर काय होईल.

पुढच्या तपासणीसाठी इंद्रभानभाऊंना आधी सीटी स्कॅनला नेलं. तिथे शिरेतून जे औषध देतात, त्याने त्यांच्या अंगभर गांधी उठल्या आणि दम लागला. ते औषध या माणसाला पुन्हा द्यायचं नाही, असं ठरलं. म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. माझ्या तपासणीत वेगळं औषध लागतं, आणि पुष्कळसं तर औषधाशिवायही दिसतं.

ते आले तेव्हा सोबत बायको सरस्वतीबाई होत्या. आणखी एक उंच, हाडकुळा माणूस मागून आला आणि बाहेरच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

चाचांनी नेहमीप्रमाणे चौकशी सुरू केली. अंगावर लोखंड काय काय आहे, ते विचारलं. इंद्रभानभाऊंनी एवढ्याशा प्रश्नावर आपली सगळी हकीकत सांगितली. म्हणाले, लोखंड कशाचं, आता आपल्याजवळ काहीच राहिलं नाही. रेडिओ मेहुण्याला देऊन टाकला. सायकल गावातल्या आशा सेविकेला, सिंधूताईला दिली, बिचारी उन्हातान्हात पायी हिंडते. तेराव्याच्या जेवणात काय करायचं तेही आचाऱ्याला सांगून ठेवलं. बुंदी करू नको, तुझी बुंदी करपते, शिरा कर. आचारी त्यावरून रुसला होता. आणि बांधावरची चिंच, जिच्यापायी शेजारच्या जानरावशी अकरा वर्षं बोलणं बंद होतं, ती जानरावला देऊन टाकली. जाताना वैर कशाला न्यायचं.

चाचांनी विचारलं की बाकावर बसलेले ते कोण. इंद्रभानभाऊ आवाज खाली न आणता म्हणाले,

"तोच जानराव. पंधरा दिवसांपासून मायाच मागंमागं फिरून राह्यला. मी खरंच मरतो का नाही, ते पाहून राह्यला. चिंच पक्की करायची हाय त्याले."

बाकावरच्या जानरावांनी मान दुसरीकडे वळवली.

चाचांनी तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणून उत्तर मिळालं. मग त्यांना माझा पाठीमागून उघडा असणारा झगा दिला. इंद्रभानभाऊंनी तो बघितला आणि उलटा घातला, म्हणजे उघडी बाजू पुढे. तसं का, तर पाठीमागे आपले डोळे नसतात, पुढे निदान हाताने धरता येतं. तो सरळ करून घेण्यात बराच वेळ गेला. शेवटी ते माझ्या खोलीत आले. माझ्यापासून दोन हातांवर असताना त्यांच्या झग्याचा पोटापुढचा भाग आपोआप वर उचलला गेला आणि माझ्या दिशेने टोक काढून उभा राहिला. निवृत्ती पाठ्यपुस्तक विसरून ओरडला. दारातल्या सरस्वतीबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला. चाचांनी धावत येऊन इंद्रभानभाऊंना कंबरेला धरून मागे ओढलं.

करगोट्याला पेटीची किल्ली होती. ती त्यांच्या लक्षातच नव्हती, कारण ती लग्नापासून तिथेच होती. मित्रांनो, माझाही नाइलाज असतो. दिवे गेले तरी माझी ओढ बंद होत नाही, आणि किल्लीच्या जागी विळा असता तर कुणाचा जीव गेला असता. चाचांनी करगोटा कापला, किल्ली हातात घेऊन उलटीपालटी बघितली आणि म्हणाले की ही पेटी मीच बनवली होती, कुलूपही माझ्याच दुकानातलं. दोघांची तिथेच पुन्हा नवी ओळख निघाली, आणि निवृत्तीने घड्याळ दाखवेपर्यंत ती संपली नाही.

मग कानात घालायला कापूस दिला, कारण मी फार गोंगाट करतो. इंद्रभानभाऊंनी कापूस कानात घालण्याआधी चिमटीत धरून ओढून पाहिला. धागा आखूड आहे म्हणाले. आमच्याकडून न्यायचा.

आता खरी अडचण सुरू झाली. पोटाची चित्रं काढताना थोडा वेळ श्वास थांबवावा लागतो. श्वासाबरोबर पोट हललं की चित्र फिसकटतं. मी तर जुना, मला नव्या यंत्रांपेक्षा जास्तच वेळ लागतो. निवृत्तीने माईकवरून सांगितलं, "दीर्घ श्वास घ्या आणि रोखून धरा." बोगद्यातून इंद्रभानभाऊंनी उत्तर दिलं की हाव, धरतो, पण किती वेळ ते सांगा. चित्र गेलं. पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं की नाकाने धरू का तोंडाने. तेही गेलं. तिसऱ्या वेळी श्वास धरला, पण मध्येच, आवाज आमच्या जिनिंगसारखा येतो, असं कळवण्यासाठी सोडला. सहा चित्रं वाया गेली. गाठी नुसत्या धुक्यात ढेकळं दिसावीत तशा दिसत होत्या. डॉक्टर मलिहांनी पेन्सिल कानावर अडकवली. अशा चित्रांवरून काहीच सांगता येणार नव्हतं, आणि पुन्हा यायला हा माणूस तयार होईल असं वाटत नव्हतं.

त्यांनी सरस्वतीबाईंना आत बोलावलं, निवृत्तीच्या खुर्चीत बसवलं आणि माईकचं बटण दाखवलं. हे दाबून ठेवा, आणि मी खूण केली की काकांना श्वास धरायला सांगा.

सरस्वतीबाई माईकजवळ वाकल्या. "अहो, दम धरा. बोलू नका."

"हाव," बोगद्यातून आवाज आला.

"हाव नोका म्हनू. नुसता धरा."

आणि बोगदा गप्प झाला. मी माझं काम केलं. पडद्यावर पहिलं स्वच्छ चित्र आलं. बाईंनी दम सोडा म्हटल्यावर त्यांनी सोडला, धरा म्हटल्यावर धरला. तीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला त्या एका आवाजाचं ऐकायची सवय होती.

मध्ये औषध द्यायची वेळ झाली. निवृत्ती इंद्रभानभाऊंच्या हाताला सुई लावून आला. तेवढ्या वेळात डॉक्टर मलिहांनी सरस्वतीबाईंना सहज विचारलं की घरी कसं चाललं आहे. बाईंना बटण दाबून ठेवायला सांगितलं होतं. सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्या जे बोलल्या, ते शब्दन् शब्द माझ्या खोलीत ऐकू आलं. मी ऐकलं, आणि माझ्या पोटात हातपाय सरळ करून पडलेल्या इंद्रभानभाऊंनीही ऐकलं.

बाई म्हणाल्या की हे सामान वाटायला लागले, तेव्हा गाव हसलं. मला हसू आलं नाही. गेल्या साली शिवारातला एक माणूस असाच सगळ्यांना हाक मारून, विचारपूस करून घरी गेला, तो सकाळी उठलाच नाही.

"मले भेव वाटलं, बाई. घरात फवारनीच्या औषधाचा डबा होता. मी तो लुगड्यात लपवला अन् जानरावभाऊच्या घरी नेला. अकरा वर्षांत त्याईच्या उंबऱ्यावर पाय नोता ठेवला. म्हटलं, डबा ठेवून घ्या, अन् याईच्यावर जरा लक्ष ठेवा. त्याईनं डबा घेतला. तवापासून दिवसभर याईच्या मागंमागं असतात. सोताची निंदनी राह्यली, त्याईची कपाशी गवतात गेली, तरी येतात."

मग डॉक्टर मलिहांचं लक्ष बाईंच्या बोटाकडे गेलं. बोट बटणावर तसंच होतं.

मित्रांनो, माझ्या बोगद्यात माणूस किती हलतो ते मला नीट कळतं. इंद्रभानभाऊ त्यानंतर जराही हलले नाहीत. पुढची सगळी चित्रं अशी आली की निवृत्ती म्हणाला, शहरातसुद्धा इतकी साफ येत नाहीत. फक्त डोळ्यांतून पाणी कानांकडे गेलं आणि तो आखूड धाग्याचा कापूस भिजला. ते चित्रात दिसत नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी झगा बदलला, ते बाकावर गेले आणि जानरावांच्या शेजारी बसले. पुढचं मला चाचांनी निवृत्तीला सांगताना ऐकू आलं. इंद्रभानभाऊंनी विचारलं, डबा तुझ्याच घरी आहे का. जानराव हाव म्हणाले. मग इंद्रभानभाऊ म्हणाले,

"मले मरायचं नोतं बे. मी तं नुसती तयारी करून राह्यलो होतो."

जानराव म्हणाले की तयारी जरा कमी करत जा.

तोवर आतमध्ये डॉक्टर मलिहांनी चित्रं वाचली होती. तिघांनाही त्यांनी आत बोलावलं आणि पडदा दाखवला. आतड्याच्या बाजूने बोरांएवढ्या गाठी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. औषध गेल्यावर प्रत्येक गाठीची कड उजळली होती आणि मधला भाग काळाच राहिला होता.

"काका, कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा गाठ सगळी सारखी उजळते," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या गाठींची नुसती कड जिवंत आहे, आतला गर मेलेला आहे. असं टीबीमध्ये दिसतं. पण चित्र म्हणजे शेवटचा शब्द नाही. सुईने थोडा नमुना काढून तपासायचा, मग पक्कं होईल."

इंद्रभानभाऊ पडद्याजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले.

"हे तं किडकं बोंड हाय," ते म्हणाले. "वरून हिरवं, फोडलं की आत सडकं. मानसाच्या पोटात बोंडअळी."

डॉक्टर मलिहांना हे इतकं आवडलं की पुढे कित्येक पेशंटना त्यांनी असंच समजावलं. अळी नाही, जंतू असतात, एवढंच त्यांनी दुरुस्त केलं. इंद्रभानभाऊंनी विचारलं की माणसाचं बीटी बियाणं अजून निघालं नाही का. त्या म्हणाल्या, ते नाही निघालं, पण टीबीवर औषध आहे, सहा महिन्यांचं. आणि ते अर्ध्यावर सोडायचं नाही. अर्धवट फवारणी केली तर अळीचं काय होतं, ते तुम्हीच मला सांगा. इंद्रभानभाऊ म्हणाले, निबर होते, मग कशालाच दाद देत नाही. डॉक्टर म्हणाल्या, तेच.

"म्हंजे मी मरत नाही?"

"औषध पूर्ण घेतलं तर नाही."

त्यांनी बायकोकडे बघितलं, जानरावांकडे बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की मग सायकलीचं काय करायचं.

सुईची तपासणी झाली आणि टीबीच निघाला. छातीच्या फोटोत काही नव्हतं, म्हणजे आजार दुसऱ्याला लागण्यासारखा नव्हता, तेव्हा ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं. दूध तापवूनच प्या असंही सांगितलं, म्हणजे सगळ्यांनीच, टीबी असो वा नसो. एवढ्यावर गुलाबरावांनी गावभर सांगितलं की बघा, शेवटी म्हशीवरच आलं.

पुढची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, कारण सरस्वतीबाई बाजाराला आल्या की चाचांकडे पाणी प्यायला थांबत. त्या वेळी टीबीच्या गोळ्या आठवड्यातून तीन दिवस, कुणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यायच्या असत. उंद्रीत हे काम सिंधूताईंकडे होतं. त्या गोळ्या घेऊन यायच्या त्या इंद्रभानभाऊंच्याच सायकलवरून. इंद्रभानभाऊ ओट्यावर बसून आपली सायकल येताना बघत, घंटी नीट वाजते का ऐकत, आणि गोळ्या गिळत. परत मागायचं धाडस त्यांना झालं नाही. रेडिओ मागून पाहिला. गुलाबराव म्हणाले की तो बिघडला, आणि बोलताना आतल्या खोलीतून बाजारभाव ऐकू येत होते. पहिल्या आठवड्यात लघवी केशरी झाली, तेव्हा घरात एकदा रडारड झाली. ती गोळ्यांमुळे होते, हे सिंधूताईंनी आधी सांगितलं होतं, पण त्या वेळी इंद्रभानभाऊ स्वतःच बोलत होते.

दोन महिन्यांत ताप गेला, भूक लागली, अंगावर मांस आलं. आणि तिसऱ्या महिन्यात, मित्रांनो, त्यांनी गोळ्या सोडल्या. बरं वाटतं, मग कशाला. सिंधूताई आल्या की ते रानात निघून जात. सरस्वतीबाईंचा आवाजही या वेळी चालला नाही, कारण दम धरायला सांगणं वेगळं आणि गोळ्या गिळायला सांगणं वेगळं.

शेवटी जानराव गेले. भर सकाळी, चार माणसं ओट्यावर असताना.

"इंद्रभान, तू मरतो म्हनून मी चिंच घेतली," ते म्हणाले. "आता अर्ध्यात गोळ्या सोडून मेला, तं गाव म्हनल, जानरावनं चिंचीसाठी मानूस जाऊ देल्ला. मले तोंड काढाले जागा राहनार नाही. तू तुयासाठी खाऊ नोको. मायासाठी खा."

इंद्रभानभाऊंनी यावर बराच वाद घातला, पण वाद घालताघालता गोळ्या घेतल्या. पुढे सहावा महिना संपेपर्यंत जानराव गोळ्यांच्या दिवशी समोर येऊन बसत. गोळ्या गिळल्या की जीभ वर करून दाखवायला लावत.

औषध संपल्यावर डॉक्टर मलिहांनी त्यांना पुन्हा एकदा माझ्याकडे बोलावलं. या वेळी त्यांनी झगा सरळ घातला आणि करगोट्याला चाचांनी आणून दिलेली पितळी किल्ली होती, तरी तीही बाहेर काढून ठेवली. माईकवर सरस्वतीबाईच बसल्या. बोट कधी उचलायचं ते त्यांना आता ठाऊक होतं. गाठी वाळलेल्या बोरांसारख्या आकसल्या होत्या, बऱ्याच तर सापडतच नव्हत्या. डॉक्टर मलिहा म्हणाल्या, झालं काका. इंद्रभानभाऊंनी खुर्चीवरून उठून पडद्याला नमस्कार केला. मी शेजारच्या खोलीत होतो, पण तो नमस्कार माझाच, असं मी धरून चालतो.

त्यानंतर माझे दिवस उतरले. मला गार ठेवणारा हेलियम नावाचा द्रव महाग झाला. भारनियमनात एसी बंद पडे आणि जनरेटर वेळेवर लागत नसे. एसीतून पाणी ठिबकायचं, त्याखाली बादली ठेवायची, तीही प्लास्टिकची, याचं चाचांना फार वाईट वाटायचं. दुरुस्ती उद्यावर ढकलत ढकलत एके दिवशी माझ्यातला गारवा निघून गेला आणि माझी ओढ संपली. दुसऱ्या दिवशी चाचांनी इंद्रभानभाऊंच्या पेटीची ती जुनी लोखंडी किल्ली खिशातून काढून माझ्याजवळ आणून पाहिली. ती हलली नाही.

मला भंगारात न्यायला माणसं यायची होती, त्याच सुमारास सरस्वतीबाई बाजाराला आल्या होत्या. डॉक्टर मलिहांनी विचारलं, काका कसे आहेत. बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, जानरावभाऊंनी यंदा अर्धी चिंच आमच्याकडे पाठवली. यांनी ती तराजूत घालून पाहिली आणि अर्धी नाही, कमी आहे, म्हणून परत नेऊन दिली. तिकडून ते आले, इकडून हे गेले.

"दोघं बांधावर उभे राहून घसा फाडून भांडून राह्यले होते, बाई," त्या म्हणाल्या. "पूरं शिवार ऐकून राह्यलं होतं. मी भाकरी खाली ठेवली अन् बसले ऐकत. लई बरं वाटलं."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. पोटात दुखतं, संध्याकाळी ताप येतो, वजन घटतं, तर कागदावरचा एक शब्द वाचून घरच्या घरी निकाल लावू नका. डॉक्टरकडे जा. तपासणी करा. औषध दिलं तर शेवटच्या गोळीपर्यंत घ्या, बरं वाटलं तरी. कुणी आपल्या वस्तू वाटायला लागलं, तर त्याला हसू नका; त्याच्या मागंमागं जा, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसा. आणि माझ्यासारख्या यंत्राची दुरुस्ती उद्यावर टाकू नका. आमच्या पोटात शिरलेला माणूस अजून कुठल्या बांधावर कुणाशी तरी भांडायचा राहिलेला असतो.